एकवीस कोरडे दिवस

५ जानेवारी २००३, रविवार

साडेतीन किलो! दुकानातल्या काट्यावर मोजलं. त्यात निम्मे केसच असावेत.

कल्पेशदादा — माझा मामेभाऊ — पुण्याहून आला, अडीच तास बसला, जेवला आणि जाताना कुत्रा ठेवून गेला. पॉमेरेनियन, पांढरा, नर, वय आठ महिने. नव्या घरमालकाला कुत्रा चालत नाही म्हणे. 'शिकवलेला आहे गं, काही त्रास नाही,' असं दोनदा म्हणाला. दोनदा म्हणाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

काय शिकवलंय ते चार वाजता कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहून हा वर्तमानपत्रावर शू करायला शिकला आहे. पप्पा रविवारची पुरवणी वाचत बसले होते. एक पान हातात, बाकीची पायाशी.

'राशिभविष्य वाचायचं राहिलं होतं,' एवढंच म्हणाले.

आई म्हणाली, 'उद्याच्या उद्या परत.' पण माझ्या धाकट्या बहिणीने, सिद्धीने, तोवर नाव ठेवलं होतं — मखाणा. सिद्धीने नाव ठेवलेली गोष्ट या घरातून परत गेल्याचं उदाहरण नाही.

६ जानेवारी

दिवसभर लॅबमध्ये माणसांची लघवी तपासायची, घरी येऊन कुत्र्याची पुसायची. डीएमएलटी केल्याचं सार्थक झालं.

८ जानेवारी

आज चार वेळा. दोन वर्तमानपत्रांवर, एक दिनदर्शिकेवर (खिळ्यावरून पडली होती), एक पप्पांच्या बिलबुकावर. कागद हा एकच धर्म.

भिका घाटघरहून वाळलेला हिरडा घेऊन दुकानात आला होता. मखाण्याकडे बराच वेळ बघत राहिला.

'शेठ, ह्यो कुत्रा हाय का कापसाचा बोळा?'

पप्पांनी सगळी कहाणी सांगितली. भिका म्हणाला, 'मग द्या की आमच्याकडं. वर मोकळं रान हाय. मुतंना का कुठं बी, कोन पुसतंय!'

'आणि बिबट्या?'

'त्यो हाये की. मागल्या पंधरवड्यात दोन कुत्री नेली आमची. पर ह्याच्यात त्याची न्याहारी बी व्हायची न्हाई, राव. नुसतं दातात क्यास गुतत्याल.'

दुकानात सगळे हसले. सिद्धी सोडून.

१२ जानेवारी, रविवार

जैन स्थानकात महासतीजी — आमच्या साध्वी — आल्या आहेत. चार दिवस मुक्काम. सिद्धी सकाळपासून तिकडेच.

तिचं दीक्षेचं दीड वर्ष चाललं आहे. वय वीस. दीक्षा घेतली की घर सुटतं — अनवाणी गावोगाव चालायचं, पुन्हा या दारात आली तरी गोचरीपुरती, पात्रात दोन घास घेऊन पुढे. आई अभिमानाने सांगते आणि सांगून झाल्यावर स्वयंपाकघरात जाते. पप्पा वर्तमानपत्र वाचतात. माझं मत कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेन.

आज महासतीजींनी सिद्धीला विचारलं, 'घरी काही अर्धवट राहिलेलं नाही ना?' ती म्हणाली, 'एक कुत्रा आहे.' बायका हसल्या. महासतीजी हसल्या नाहीत. 'जीव आहे. त्याची सोय लावूनच यावं.'

घरी आल्यावर आईने सोयीचा अर्थ सांगितला — 'तू गेल्यावर याने घरात घाण केली तर एक दिवस ठेवून घेणार नाही. जाईल भिकाकडे.'

१३ जानेवारी

सिद्धीने सकाळी स्थानकात नियम घेतला. मखाणा घरात सलग एकवीस दिवस कोरडा राहिला की मगच ती आई-पप्पांकडे दीक्षेची आज्ञा मागणार. मध्ये एक दिवस जरी ओला गेला तर पुन्हा एकपासून. तोवर दीक्षेचं नाव काढायचं नाही.

'आणि नोंद कोण ठेवणार?' पप्पांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी कुत्र्यानेसुद्धा.

वहीत रकाने आखले: खाणं, पाणी, बाहेर नेण्याची वेळ, आत काय झालं. दिवस सकाळी साडेसातला मोजायचा. सिद्धी म्हणाली, 'ताई, तू त्याला शिकवतेयस की त्याचं ऑडिट करतेयस?'

१५ जानेवारी

खरी अडचण रात्रीची. मागच्या मोकळ्या जागेत शेजाऱ्यांच्या बांधकामाची वाळू पडली आहे — शूसाठी उत्तम. पण पलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे ऊस, आणि उसात कोण असतं ते जुन्नरात कोणाला सांगायला नको. तिथे वनखात्याने पिंजरासुद्धा लावला आहे. म्हणजे अंधारात साडेतीन किलोचा पांढरा कुत्रा बाहेर नेणं बंद.

सूर्यास्त ६.१८. सूर्योदय ७.११. बारा तास त्रेपन्न मिनिटं. मखाण्याचा आजवरचा विक्रम: सात तास पाच मिनिटं.

१७ जानेवारी

उत्तर आईने दिलं. तिला द्यायचं नव्हतं, पण दिलं.

मी म्हणत होते की बारा तास कोणाला जमेल. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, 'मी तीस वर्षं चौविहार करते. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. मला जमतं, त्याला काय धाड भरलीय?'

हिशोब केला. खाणं सव्वापाचला. पाणी पावणेसहाला उचलायचं. सूर्यास्ताआधी वाळूवर. सूर्योदयाला पुन्हा वाळूवर, आणि आईसारखीच नवकारसी — पहिलं पाणी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी. आत जे जात नाही ते बाहेर येत नाही. एवढं साधं मला का सुचलं नाही?

आई म्हणाली, 'घ्या! आता कुत्राही श्रावक झाला.' पण बारा दिवसांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

१९ जानेवारी

कोरडं!! दिवस एक.

(सकाळचा नमुना लॅबमध्ये नेला. विशिष्ट गुरुत्व १.०४०. कुत्र्यासाठी ठीक. पाणी कमी पडत नाही.)

२२ जानेवारी

ओलं. रात्री कधीतरी, पप्पांच्या खुर्चीखाली. मखाण्याच्या मिशांना सायीचा वास.

'पप्पा, काल रात्री याला दूध दिलंत?'

'थोडंसं. त्याला तहान लागली होती.'

'तुम्हाला कसं कळलं?'

'मला लागली होती.'

एकपासून.

२४ जानेवारी

एक गोष्ट लक्षात आली. वर्तमानपत्राकडे तो आता ढुंकून बघत नाही. दुसऱ्याच गोष्टीकडे बघतो.

वाळूवर नेलं की सिद्धी आधी पुंजणीने वीतभर जागा हलकेच झाडून घेते. पुंजणी म्हणजे लोकरीच्या धाग्यांचा मऊ हातझाडू, मुंगीलाही इजा होऊ नये इतका मऊ. जागा झाडून झाली की मखाण्याला तिथे उभं करते. आता पुंजणी फिरली रे फिरली की साहेब बसलेच! घड्याळ लावलं: चार सेकंद.

सिद्धी म्हणते, 'बघ, यतना शिकला, जीव जपून वागणं.' मी म्हणते, संकेत शिकला. दोन्ही एकच, असं ती म्हणते. नाही. पण वाद घातला नाही.

२७ जानेवारी

वाद घालायला हवा होता.

सकाळी नऊला आई सामायिकला, म्हणजे ध्यानाला, बसायला निघाली. आधी पुंजणीने फरशी झाडली, आसन अंथरलं, तोंडाला मुहपत्ती बांधली, पाठ म्हणून बसली. अठ्ठेचाळीस मिनिटं आता जागेवरून उठायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही.

मखाण्याने पुंजणी पाहिली. अत्यंत आज्ञाधारकपणे आला. आसनापासून चार बोटांवर बसला. चार सेकंद.

आईने डोळे उघडले. पाहिलं. मिटले. ओघळ तिच्या आसनाच्या दिशेने सरकत होता. ती बसल्या बसल्या दुसऱ्या बाजूला इंच-इंच कलत गेली. लंकाबाई फरशी पुसायला आली ती दारातच उभी राहिली.

'भाभी, उठा की! वल्लं हुतंय!'

आई नाही उठली. लंकाबाई माझ्याकडे वळली, 'ताई, ह्यांस्नी झालंय तरी काय?' सिद्धी तोंडात ओढणी कोंबून जिन्यात बसली होती. मी फडकं घेऊन गेले, पण हसू आवरेना म्हणून परत आले. मला असं हसायला येत नाही सहसा.

९.४८ ला आई उठली. पहिलं वाक्य: 'चूक त्याची नाही. मी त्याच्यासमोर झाडलं.'

एकपासून. सिद्धी म्हणाली, नियम तो नियम. आता सामायिकच्या वेळी तो ओसरीत बांधलेला असेल.

२९ जानेवारी

दिवस एक.

६ फेब्रुवारी

दिवस नऊ. लंकाबाई म्हणाली, 'आमचा नातू तीन वरसाचा हाय, आजून हातरुनात करतो. त्याला बी तुमच्याकडं धाडू का?' रकाने आखून देते म्हटलं.

१२ फेब्रुवारी

दिवस पंधरा. रोज रात्री नऊनंतर तो माझ्या पायांवर येऊन झोपतो. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं माहीत नाही, म्हणून इथे.

सिद्धीचा पलंग माझ्यापासून तीन फुटांवर. ती लहानपणापासून झोपेत दात खाते. आज मोजत बसले — पंधरा झाले, सहा उरले. सहा दिवसांनी ती आज्ञा मागणार, आई-पप्पा नाही म्हणणार नाहीत. हे महिन्याभरापासून मला माहीत आहे. तरी आज वहीत शेवटचे सहा रिकामे चौकोन पाहिले आणि वही मिटली.

मी त्याला फार चांगलं शिकवते आहे.

१५ फेब्रुवारी

मंचरच्या आत्याचा फोन. अक्षय तृतीयेचा मुहूर्त कसा, मंडप किती, वरघोड्याच्या मिरवणुकीला बँड कुठला. अजून आज्ञा नाही, तोवर पत्रिकेचा मजकूरसुद्धा तयार! पप्पा 'हो, हो' करत राहिले. आत्याने सिद्धीला फोन द्यायला लावला. 'आमच्या कुळाचं नाव काढलंस गं बाई!' मला इकडे ऐकू आलं.

सिद्धी 'हो आत्या' म्हणाली. मग मखाण्याला घेऊन वाळूवर गेली. वेळ झाली नव्हती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिवस वीस — ओलं! बैठकीच्या मधोमध.

आई म्हणाली, 'घ्या, पुन्हा एक.' पप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, पुन्हा वर घेतलं.

मला ते पटत नाही. एक: काल पाणी वेळेवर उचललं होतं, दूध नाही (पप्पांची उलटतपासणी झाली). दोन: तो नेहमी कडेला करतो, मधोमध नाही. तीन: वास नाही. चार: लंकाबाई यायची होती, फरशीवर कालची धूळ होती, पण ओल्याभोवती वीतभर गोल स्वच्छ झाडलेला. म्हणजे कोणी पुंजणी फिरवली आणि त्याने नेहमीसारखं केलं? पण मखाणा तर आमच्या खोलीत होता, दार लावलेलं होतं.

पुसण्याआधी ड्रॉपरने दोन मिली. झाकणाच्या बाटलीत भरलं.

१८ फेब्रुवारी

लॅबमध्ये डॉक्टर येण्याआधी तपासलं. रंग नाही, वास नाही. विशिष्ट गुरुत्व १.०००. दोनदा घेतलं. १.०००.

पाणी.

कोणीतरी फरशीवर पाणी ओतलं आहे. आणि ओतण्याआधी जागा झाडून घेतली आहे — मुंगी मरू नये म्हणून! असा गुन्हेगार फक्त आमच्याच घरात सापडेल. पप्पा नव्हेत, ते मुंगी बघून पाय टाकतात, पण पुंजणी कुठे असते ते त्यांना तीस वर्षांत माहीत नाही. म्हणजे उरल्या दोघी. एकीला दीक्षा घ्यायचीच आहे. दुसरीला ती कधी एकदा होते असं झालं आहे — असं निदान सगळ्या गावाला वाटतं.

वहीत: दिवस एक.

१९ फेब्रुवारी

आई गच्चीवर मूगवड्या घालत होती. मी म्हटलं, 'ते पाणी होतं.'

तिने चार वड्या घातल्या. पाचवी वाकडी पडली.

'कुत्र्याला नावं ठेवू नकोस,' म्हणाली. 'मी ओतलं.'

'झाडून?'

'मुंग्या होत्या गं.'

 मग म्हणाली, 'चारचौघींत मीच सांगते ना, माझी पोर निघाली म्हणून. खोटं नाही सांगत. पण वीस आकडा बघितला आणि हात...' हाताला मुगाचं पीठ होतं, तोच पदराला पुसला. 'धर्माच्या वाटेत आडवी आले. अंतराय बांधला मी, नीलू. कोणाच्या? पोटच्या पोरीच्या.'

'पुन्हा करणार आहेस?'

'नाही. उद्या उपवास करते. पुन्हा नाही.' आणि थोड्या वेळाने, 'तू तिला सांगशील?'

मी नाही म्हटलं.

खरं म्हणजे नोंद दुरुस्त करायला हवी. सतरा तारखेला कोरडं होतं. अठरालाच एकवीस पूर्ण झाले. वही उघडली. पेन्सिल नाही, पेनने लिहिलं आहे. खोडता आलं असतं. खोडलं नाही. चार वर्षांत एकही चुकीचं वाचन मी कोणाच्या रिपोर्टवर जाऊ दिलेलं नाही.

२० फेब्रुवारी

आईचा उपवास. दिवस तीन. मखाणा तिच्या पायाशी जाऊन बसला. तिने हाकललं नाही.

१ मार्च, शनिवार

महाशिवरात्र. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून. साबुदाणा, शेंगदाणे, वरई — पप्पांना जेवायला फुरसत नाही.

दिवस बारा.

लंकाबाई भांडी घासताना हळूच म्हणाली, 'नीलमताई, धाकल्या ताईंस्नी न्हाई म्हना की तुमी. थोरल्या भनीचं ऐकत्यात.' मी म्हटलं, तिचा निर्णय आहे. लंकाबाई म्हणाली, 'व्हय. पर लई शाण्या माणसांनी लई गप बी राहू नये.'

 

५ मार्च

दिवस सोळा. आत्याने पत्रिकेचा नमुना पोस्टाने पाठवला. त्यात सिद्धीचा फोटो आहे, नववीतला. ती बराच वेळ बघत होती. 'ताई, हिला विचारलं होतं का कोणी?' म्हणाली आणि हसली. मीही हसले. गमतीनेच म्हणाली असावी.

९ मार्च, रविवार

दिवस वीस.

आई सकाळी स्थानकात गेली की साडेआठशिवाय येत नाही. आता मुद्दामच लवकर जाते, घरात थांबतच नाही. मला वाटतं, स्वतःच्या हातांवर विश्वास नसावा.

दुपारी सिद्धी माझ्या टेबलाशी येऊन उभी. वही चाळली. 'ताई, एकवीस म्हणजे एकविसावा सुरू झाला की झालं, का तो संपायला हवा?'

'सकाळी साडेसातला मोजायचं. तूच ठरवलंस.'

'हो. साडेसात.' मखाण्याचे कान कुरवाळत राहिली. 'तू कधी काही बोलली नाहीस, ताई.'

'तू विचारलं नाहीस.'

'नाही विचारलं,' म्हणाली.

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी वही सरळ ठेवली.

१० मार्च, सोमवार

सूर्योदय ६.४८. वाळूवर नेलं, चार सेकंद. घर पूर्ण तपासलं — कोरडं. आई स्थानकात, पप्पा दुकानात. वही आणायला वर गेले. खाली आले तेव्हा सिद्धी बैठकीत उभी होती, हातात रिकामा तांब्या, आणि फरशीवर पाणी पसरत होतं. मखाणा शेजारी बसून बघत होता. तिने तांब्या लपवला नाही.

'लिही ना, ताई,' म्हणाली. 'ओलं.'

लिहिलं. ७.२२.